पिनेच्या मागे

डिसेंबरातली रात्र आणि सांगलीकडचा साधा दुपदरी रस्ता. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपलेले असतात. ती गाडी निघून जाते आणि समोरच्या काळोखात एकदम उसाचा पाला हलताना दिसतो. रस्त्याच्या मधोमध, माणसाच्या डोक्याहून उंच. लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, नंबरही नाही. त्या पाल्याच्या पुढे दुसरी ट्रॉली असते आणि तिच्याही पुढे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला दिवे असतात, बहुतेक वेळा दोनाच्या जागी सहा, पण ते सगळे पुढे बघत असतात.

इथे थोडा हिशोब करावा. आपली गाडी ताशी 80 किलोमीटरने आणि ट्रॅक्टर ताशी 20 ने चालला असेल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला जवळजवळ 17 मीटरने कमी होतं. डिपरच्या उजेडात साधारण पन्नासेक मीटरपर्यंतचं दिसतं. म्हणजे हातात तीन सेकंद. त्यातला निम्मा वेळ समोर जे आहे ते झाड नाही, वाहन आहे, आणि ते जवळपास थांबल्यासारखं चाललंय, हे उमगण्यात जातो. ऊसपट्ट्यात रात्री मोटारसायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर या तीन सेकंदांनी कधी ना कधी काटा आणलेला असतो.

रस्त्यावरच्या ट्रॅक्टरबद्दल आपल्याकडे नेहमी दोन टोकांनी बोललं जातं. शहरातला माणूस म्हणतो, यांना हायवेवर येऊच देऊ नका. गावातला म्हणतो, शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका. दोघांचंही लक्ष ट्रॅक्टरवर असतं. माझं म्हणणं, या प्रश्नाचा मुक्काम ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या त्या दीड वीत लांबीच्या लोखंडी पिनेपाशी आहे. पिनेच्या पुढे एक कारखान्यात बनलेलं, तपासलेलं, नोंदलेलं वाहन असतं. ट्रॅक्टरचं नवं मॉडेल मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रासारख्या ठिकाणी तपासणीला जातं. त्याला चासी नंबर असतो, ब्रेक असतात, विमा असतो. पिनेच्या मागे जे असतं ते गावाबाहेरच्या वर्कशॉपात चॅनल आणि पत्रा वेल्ड करून उभं राहिलेलं असतं. ब्रेक नाही, दिवा नाही, पुष्कळदा कागदही नाहीत. ओझं मात्र सगळं तिथेच. माणसं बसतात तीही तिथेच.

कायद्याने हे ओळखलेलं नाही असं नाही. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये ट्रॅक्टरची जी व्याख्या आहे ती मोठी मजेशीर आहे: जे वाहन स्वतः ओझं वाहण्यासाठी बांधलेलं नाही ते ट्रॅक्टर. तो काय करत नाही यावरून त्याची ओळख! ओझं वाहायचं तर त्याला मागे काहीतरी जोडावं लागणार, आणि त्या जोडलेल्या वस्तूला कायदा ट्रेलर म्हणतो व वेगळं वाहन मानतो. म्हणून ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि तिचा नंबरही वेगळा. ट्रॅक्टरचं आरसी बुक दाखवून ट्रॉली सुटत नाही. गावात मात्र ट्रॉली म्हणजे नांगर-रोटरसारखं एक अवजार, अशीच समजूत आहे. अवजाराला कुठे नंबर असतो?

लायसनच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ सोपी आहे. लोकांना वाटतं तेवढी भानगड तिथे नाही. 7,500 किलोपर्यंत रिकामं वजन असलेला ट्रॅक्टर कायद्याने हलक्या वाहनातच मोडतो, त्यामुळे कारचं लायसन ट्रॅक्टरला चालतं. मागे ट्रॉली जोडली की ते लायसन निकामी होतं, असा युक्तिवाद विमा कंपन्या वर्षानुवर्षं करत होत्या. नागशेट्टी प्रकरणात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: ट्रॅक्टर चालवायचं लायसन असलेल्याने ट्रॉली जोडली म्हणून तो बिनलायसनचा होत नाही. पुढे 2017 मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे हलक्या वाहनांचा एकूणच वाद निकाली निघाला आणि निकाल चालकांच्या बाजूने लागला. म्हणजे लायसन आहे त्याला अडचण नाही. अडचण आहे ती लायसनच नसलेल्याची, आणि ऊसपट्ट्यात अशी मंडळी थोडी नाहीत. मिसरूड न फुटलेलं पोरगं दोन ट्रॉल्या मागे घेऊन बाजारपेठेतून वळण काढतं तेव्हा बघणारे कौतुकानेच बघतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिलं तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे, वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशी गाठेपर्यंत लायसन मिळत नाही. शेवटची शिक्षा सर्वांत कडक, कारण ट्रॅक्टरवर पोट भरणाऱ्या घरातल्या पोराची ऐन उमेदीची सात वर्षं त्यात जातात. गावात हे कलम कुणी समजावून सांगितल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

खरी पंचाईत विम्याची आहे. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या वापरापुरता असतो. वीटभट्टीची माती, बांधकामाची वाळू, लग्नाचं वऱ्हाड हे त्यात बसत नाही. आणि ट्रॅक्टरचा विमा म्हणजे ट्रॉलीचा विमा नव्हे. ट्रॉली पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते, तिचा प्रीमियम वेगळा भरावा लागतो, मजूर नेणार असाल तर त्यांचाही. ब्रिजमोहन नावाच्या मजुराचं प्रकरण 2007 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. वीटभट्टीच्या मातीचं काम, मजूर ट्रॉलीवर, ट्रॉलीचा विमाच नाही. न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की कायद्याने विमा कंपनी पैसे देणं लागत नाही. तरीही मजुराची अवस्था बघून, आपला विशेष अधिकार वापरून, कंपनीने त्याला आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. इथे शेतकऱ्याने थांबून विचार करावा. मजुराला पैसे मिळाले तरी ते शेवटी मालकाच्याच खिशातून जाणार आहेत. काही हजारांच्या प्रीमियमची बचत पुढे जमिनीवर येते ती अशी.

ट्रॉलीत माणसं बसवण्याबद्दल बोलायचं तर 4 एप्रिल 2025 ची सकाळ आठवावी लागते. नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात हळद काढणीला निघालेल्या बायकांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. सगळ्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या. त्याआधी उत्तर प्रदेशात, ऑक्टोबर 2022 मध्ये कानपूरजवळ आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कासगंजमध्ये, देवदर्शनाहून परतणाऱ्यांच्या आणि गंगास्नानाला निघालेल्यांच्या ट्रॉल्या तळ्यात उलटल्या आणि दोन्ही वेळा वीसहून जास्त माणसं दगावली. या तिन्ही ठिकाणी पाणी होतं ही योगायोगाची गोष्ट. ट्रॉली उलटली की माणूस तिच्या खाली जातो, ही नाही. ट्रॉलीला धरायला दांडी नसते, बसायला बाक नसतो, फाळके गुडघ्याइतके, आणि आतल्या माणसांचं वजन वळणावर एका बाजूला सरकतं. पोत्यांना दोरी बांधतात. माणसांना कुणी बांधत नाही.

पण मजुरांनी शेतावर जायचं कशाने, याचं उत्तर कोणाकडे आहे? एसटी बांधापर्यंत जात नाही. रिक्षा परवडत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगार निघतात. एकेका ट्रॉलीवर संसार रचलेला असतो: पत्र्याची पेटी, पाण्याचे ड्रम, कोपीसाठीचे बांबू, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर गोधडीत गुंडाळलेली पोरं. हा प्रवास पाच-पंचवीस किलोमीटरचा नसतो. मुकादमाने उचल दिलेली असते आणि कारखान्याला टोळी हवी असते, पण टोळी कशात बसून येते हे दोघांपैकी कुणी बघत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एवढाच हिशोब ठेवला जातो. त्या टोळीसाठी एक बस ठरवायचा खर्च हंगामाच्या उलाढालीत दिसणारसुद्धा नाही. ट्रॉलीत माणसं बसवू नका असं नुसतं म्हणणं मला म्हणूनच अर्धवट वाटतं. ज्याने उचल दिली त्याने वाहनही द्यावं, असं करारातच लिहून घ्यायला हवं.

आता थोडं यंत्राबद्दल. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या चाकाला आणि एक उजव्या. शेतात तासाच्या टोकाला जागच्या जागी वळायचं तर एकच दाबायचा. दोन्ही एकत्र जोडणारी एक छोटी पट्टी असते. रस्त्यावर येताना ती लावायची. ती लावली नाही आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक थांबतं, दुसरं पळतं आणि ट्रॅक्टर बाजूला फेकला जातो. रस्त्यावर धावणाऱ्या दहा ट्रॅक्टरांच्या पायाशी वाकून बघा, ती पट्टी किती ठिकाणी लावलेली दिसते. बऱ्याच जागी ती गंजून बसलेली असते, काही ठिकाणी गायबच.

दुसरी गोष्ट वजनाची. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा आणि मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस. थांबवायचं काम मात्र ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी करायचं, कारण ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. सपाट रस्त्यावर निभावतं. उतारावर मागचं ओझं पुढच्याला ढकलतं, आणि डिझेल वाचवायला गडी गाडी न्यूट्रल करून सोडतो, तेव्हा इंजिनाचा उरलासुरला लगामही सुटतो. मग ट्रॉली पुढे येऊ बघते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि पिनेपाशी सगळ्याची घडी पडते. चढावर उलटं होतं. मागच्या ओढीने पुढची चाकं हलकी होतात, कधी उचलली जातात. उचललेल्या चाकाने स्टिअरिंग कसं चालणार? याच क्षणाचे व्हिडिओ पोरं गाणी लावून मोबाईलवर फिरवतात. ट्रॅक्टर मागे उलटला तर चालकाला वाचवायला वर काही नसतं. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती पोलादी सांगाडा सक्तीचा केला होता. आपल्याकडे त्या जागी उन्हासाठी ताडपत्रीचं छत असतं, आणि छताला लटकवलेले स्पीकर.

त्या स्पीकरबद्दल एक वाक्य लिहून पुढे जातो: मागून हॉर्न वाजवणाऱ्याचं चालकाला काही ऐकू जात नाही, आणि आरसा तर ट्रॉलीवरच्या उसाने कधीच झाकलेला असतो.

ऊस जास्त भरला जातो त्याला लोभ हे एकच कारण नाही. तोड झाल्यावर ऊस जितका रखडेल तितकं वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो, म्हणून घाई. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, खेपेवर नाही. कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला कधी सहा तास तर कधी अख्खा दिवस जातो. मग तेवढ्या वेळात एकच खेप होणार असेल तर ती भरगच्चच व्हायला हवी. ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असतो. रांगेत अर्धवट झोपून काढलेल्या रात्रीनंतर चालक रिकाम्या ट्रॉल्या घेऊन निघतो, आणि रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा वाईट: उड्या मारते, वेगात जाते आणि अंधारात मागून नुसता सांगाडा असल्याने दिसतही नाही.

ओव्हरलोडचा कायदा लागू करायचा तर रस्त्यावर काटा हवा, माणसं हवीत, ते आरटीओकडे नाहीत, असं नेहमी सांगितलं जातं. हे मला कधीच पटलेलं नाही. ट्रॅक्टर कारखान्यात शिरला की पहिल्यांदा काट्यावर चढतो. भरलेलं वजन नोंदलं जातं. गव्हाणीवर ऊस उतरला की रिकामं वजन होतं. पावती छापली जाते: वाहनाचा नंबर, चालकाचं नाव, वेळ, निव्वळ वजन किलोपर्यंत. ट्रॉलीच्या आरसी बुकात तिची भार मर्यादा लिहिलेली असते. या दोन आकड्यांची वजाबाकी केली की झालं. कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पाच टन जास्त असेल तर एका खेपेचे 30,000. भार बाजूंनी, मागे किंवा उंचीला बाहेर निघाला तर वेगळे 20,000. राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने हंगाम घेतात आणि प्रत्येकाच्या संगणकात रोजच्या शेकडो खेपांचा असा लेखी पुरावा पडून असतो. इतका चोख पुरावा असलेला आणि इतका कमी वापरला जाणारा दुसरा गुन्हा मला तरी माहीत नाही. उद्या सगळ्यांना दंड करा असं मी म्हणत नाही, तसं केलं तर आठवड्यात गाळप बंद पडेल. पण मर्यादेवरच्या टनाची वाहतूक देणार नाही, एवढं जरी कारखान्याने ठरवलं, तरी जास्त भरण्यातला फायदा संपतो. त्यासाठी एकही पोलीस लागत नाही.

रिफ्लेक्टरची मोहीम दर हंगामात होते. साखर आयुक्तालय सूचना काढतं, वाहतूक पोलीस यार्डात येतात, लाल पट्ट्या चिकटवल्या जातात, फोटो निघतात. पट्टी चिकटते ट्रॉलीच्या फाळक्यावर. दुसऱ्या दिवशी ऊस भरला की मोळ्या मागे हात-दोन हात बाहेर येतात, पाला खाली लोंबतो आणि पट्टी झाकून जाते. दिव्यांचं तसंच. वायर टाकली तरी गव्हाणीवर ऊस उतरवताना ती कशात तरी अडकून तुटते, आणि हंगामात रोज कोण जोडत बसणार? यावर चालकांनीच एक साधा उपाय शोधलेला आहे. चमकणाऱ्या लाल कापडाचा मोठा तुकडा, दोन टोकांना दोरी, भरलेल्या उसावरच मागे बांधायचा आणि उतरवताना सोडून सीटखाली ठेवायचा. खर्च एका डिझेल कॅनपेक्षाही कमी. काही कारखाने ते कापड वाटतात. मागे कापड नसेल तर काट्यावर घ्यायचं नाही, असा नियम एका कारखान्याने केला तर त्या पट्ट्यात पंधरा दिवसांत फरक दिसेल, कारण काट्याच्या रांगेतून परत पाठवलं जाण्याइतकी भीती दंडाच्या कुठल्याच पावतीची वाटत नाही.

त्यातही एक बारकावा आहे. लाल कापड पुढे काहीतरी आहे एवढंच सांगतं. ते सावकाश चाललंय हे सांगत नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो राज्य विद्यापीठात नेमक्या याच प्रश्नावर काम झालं आणि मध्ये झळझळीत नारिंगी व कडेला चमकता लाल पट्टा असलेला त्रिकोण तयार झाला. ताशी 25 मैलांपेक्षा सावकाश चालणाऱ्या वाहनांसाठी तिथे तो रूढ झाला. मागून येणाऱ्याला दुरूनच कळतं: हे शेतीचं वाहन आहे, पाय ब्रेकवर घ्या. आपल्याकडेही एकच खूण राज्यभर ठरवून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवली, तर त्या तीन सेकंदांत थोडी भर पडेल.

द्रुतगती मार्गाबद्दल वादाला जागा नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे आणि ती रास्त आहे. जुलै 2024 मध्ये आषाढीच्या तोंडावर डोंबिवलीकडून पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची बस मध्यरात्री मुंबई-पुणे मार्गावर पुढच्या ट्रॅक्टरवर आदळून खड्ड्यात गेली. पाच जणांचा जीव गेला. जिथे शंभरच्या वेगाने गाड्या धावतात तिथे वीसच्या वेगाचं वाहन असणं हीच चूक. इतर महामार्गांवर मात्र ट्रॅक्टर येणारच, कारण शेत एका बाजूला आणि कारखाना किंवा मार्केट यार्ड दुसऱ्या बाजूला. चौपदरीकरणात सेवा रस्ते अर्धवट सोडले की ट्रॅक्टर उलट्या बाजूने येतो. त्याला शिव्या देण्याआधी नकाशा बघावा. पुढचा फाटा किती किलोमीटरवर ठेवलाय ते कळेल.

भातपट्ट्यातली तक्रार निराळी. भंडारा-गोंदियाकडे चिखलणीची लोखंडी चाकं न काढताच ट्रॅक्टर डांबरावर आणतात आणि नवा रस्ता एका पावसाळ्यात खवल्यासारखा होतो. नियमाप्रमाणे रस्त्यावर हवेचे टायरच चालतात. चाकं बदलायला तास जातो, म्हणून बदलत नाहीत.

परवा मे महिन्यात एका वर्कशॉपात गेलो होतो. हंगाम संपलेला, चार-पाच ट्रॉल्या दुरुस्तीला आलेल्या. एका ट्रॉलीचा तळ नवा टाकला होता, फाळके वीतभर उंच केले होते आणि पेंटर मागच्या फाळक्यावर मन लावून अक्षरं काढत होता. आईवडिलांचा आशीर्वाद, त्याखाली दोन पोरांची नावं, दोन्ही बाजूंना मोर. मोराच्या पिसाऱ्यात तीन रंग. मी विचारलं, नंबर कुठे टाकणार? त्याने खिशातून मालकाने दिलेली चिठ्ठी काढली, उलटीसुलटी करून बघितली आणि मान हलवली. चिठ्ठीत तो नव्हता. मग जागा सोडून ठेवू का, असं त्यानेच विचारलं आणि फाळक्याकडे बघून हसला, कारण जागा राहिलीच नव्हती.